पाइप कोण धरणार?

नेवेनाच्या हातात पाइप आला तो निव्वळ ती चुकीच्या वेळी खाली उतरली म्हणून. कचरा टाकायला गेली होती बिचारी, घरातल्या चपला घालून. तळमजल्यावरचे मिंचोकाका बागेला पाणी घालत होते. म्हणाले, "नेवेना, दोन मिनिटं धर गं हे, गोळी घेऊन आलोच." तिनं धरला. मिंचोकाका वर गेले ते परत बागेत आलेच नाहीत. उन्हाळा सरायच्या आत निधन कळवणारा काळ्या चौकटीतला त्यांचा फोटो ब्लॉकच्या, म्हणजे अख्ख्या इमारतीच्या, दारावर चिकटला, आणि पाइप राहिला नेवेनाकडे. आता तू सांभाळ असं तिला कुणी म्हणालं नाही. सांभाळशील का, असंही कुणी विचारलं नाही. मिरच्यांनी माना टाकलेल्या तिला बघवेनात, तिनं नळ सोडला, आणि नेमकं तिसऱ्या मजल्यावरच्या कुणीतरी ते पाहिलं. झालं! तेव्हापासून बाग तिची.

तिची म्हणजे कशी, तर बोलणी खाण्यापुरती. द्राक्षाच्या वेलावर गांधीलमाश्या आल्या की, "नेवेना, तुझ्या माश्या बघ." कुणाला शिंका सुटल्या की, "तुझे गुलाब." मांजर कुंडी केलेल्या टायरमधल्या फुलांत व्यालं तर तेही बाळंतपण हिच्याच नावावर. टोमॅटो पिकले म्हणजे मात्र बाग सगळ्यांची. तेव्हा जो तो खाली यायचा, दोन तोडायचा, हुंगायचा आणि "वा! आपल्या बागेतले" म्हणून वर घेऊन जायचा.

याम्बोल शहरात रेल्वेच्या पलीकडे असे ब्लॉक पुष्कळ आहेत. आठ मजली, काँक्रीटचे, एकासारखे एक, आणि प्रत्येकापुढं माणसांनी आपल्या हातानं खुरपलेला जमिनीचा तुकडा. नेवेनाच्या ब्लॉकपुढचा तुकडा गॅरेजांच्या रांगेपर्यंत पोचतो. टोमॅटोचे दोन वाफे, मिरच्या, एक बाक, बाकावर द्राक्षाचा मांडव, कडेनं गुलाब, आणि रंगवलेल्या टायरांत लालभडक फुलं. लावताना सगळ्यांनी मिळून लावलं होतं हो, खोटं कशाला बोला. एका वसंतात शनिवारी सगळा ब्लॉक खाली उतरला होता, कुणी कुदळ आणली, कुणी रोपं, कुणी रकियाची, म्हणजे घरच्या फळांच्या दारूची, बाटली. पण लावणं एका शनिवारचं काम आणि पाणी रोजचं. हा फरक शनिवारी कुणाच्या ध्यानात आला नाही.

नेवेना आता सत्तरी ओलांडलेली. उभी हयात डबाबंद भाज्यांच्या कारखान्यात पट्ट्यापुढं उभं राहून मिरच्या निवडण्यात गेली, त्यात गुडघे गेले. उरलेसुरले पाइपानं नेले. तळघरातल्या नळाला पाइप लावायचा, पायऱ्यांवरून ओढत वर आणायचा, वाफ्यावाफ्यानं फिरवायचा, पुन्हा गुंडाळून खाली न्यायचा. डाव्या गुडघ्यात तर हाडावर हाड घासायचं. स्तारा झागोरा शहरातल्या डॉक्टरांनी दोनदा तारीख दिली होती शस्त्रक्रियेची. एकदा ती म्हणाली, रोपं नुकतीच लावलीत. दुसऱ्यांदा म्हणाली, ऐन बहरात कशी टाकू? तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बाई, ऑगस्टची तारीख देतो. ही चुकवलीत तर मग माझ्याकडे येऊ नका. तोवर ओढाताण बंद आणि नंतर महिनोन्‌महिने बंद. नाहीतर पुढच्या वर्षी खुर्चीवरून उठणार नाही तुम्ही."

नेवेना बसनं घरी आली ती सगळी वाट हिशेब करत आली. गुडघा वाचवायचा तर पाइप दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्यायला हवा. जुलै लागला होता. याम्बोलचा जुलै म्हणजे तव्यावर भाकरी ठेवावी तसा. दहा दिवस पाणी नाही मिळालं तर बाग संपली.

तिनं सभा बोलवायला लावली. आमच्याकडच्या सभा खालच्या टपालपेट्यांपुढं उभ्याउभ्या होतात, म्हणजे कुणी फार वेळ बोलत नाही. ब्लॉकचा कारभारी कामेन मधोमध उभा राहिला. तो कारभारी झाला तोही असाच. निवडीच्या सभेला तो एकटाच गैरहजर होता, म्हणून सगळ्यांनी एकमतानं त्यालाच निवडलं.

"नेवेना मावशीला काय म्हणायचंय ते ऐका," कामेन म्हणाला, "आणि लवकर आटपा, मला कामावर जायचंय."

नेवेनानं सरळ सांगितलं. गुडघा असा आहे, तारीख अशी आहे, आता पाइप कोण धरणार?

अहो, लिफ्टची तार हलली तेवढी ऐकू आली. मग हळूहळू कौतुक सुरू झालं. दुसऱ्या मजल्यावरचा रादी टॅक्सी चालवतो, तो म्हणाला, "मावशी, तुझ्या हाताला जी चव आहे टोमॅटोची, ती आमच्या हाताला कुठली?" वाकलेल्या, पांढऱ्या केसांच्या एलिसावेताबाई, जन्मभर शाळेत गणित शिकवलेल्या, म्हणाल्या, "नेवेनाबाई, तुम्ही म्हणजे या ब्लॉकचा आत्मा." मीमा खालच्या गॅरेजात केस कापायचं दुकान चालवते, तिला तर रडूच फुटलं. पण पाइप? पाइपचं नाव काढलं की जो तो आपल्या बुटांकडं बघायला लागला.

"कौतुक बास झालं," नेवेना म्हणाली. "हात वर करा."

एकही हात वर झाला नाही.

कामेननं घसा साफ केला. "मावशी, राग मानू नकोस, पण स्पष्ट बोलतो. कुणी घेत नसेल तर मरो ती बाग. सुकली की खडी पसरू. सहा गाड्या सहज राहतील. रोज उठून जागेवरून माझं डोकं खातात सगळे."

कुणी हो म्हणालं नाही, कुणी नाही म्हणालं नाही. दाराशी उभ्या असलेल्या दोघा गाडीवाल्यांनी तेवढं एकमेकांकडं बघितलं. सभा संपली.

नेवेना वर आली आणि पलंगावर बसून राहिली. रडायलाही कंटाळा आला होता तिला. मग एकदम संताप आला. म्हणाली, जाऊ दे मसणात! पिशवी भरली आणि गावी, धाकट्या बहिणीकडं निघून गेली. ऑगस्टला अवकाश होता. बाग डोळ्यांपुढं वाळायला नको, एवढंच.

बहीण स्ताना फटकळ. पहिल्याच संध्याकाळी म्हणाली, "काय सारखी आभाळाकडं बघतेस? पाऊस याम्बोलला पडला तर तुला इथं दिसणार आहे का?"

"मी कशाला बघू. मी सोडली ती बाग."

"सोडलीस तर दही खा आणि झोप. तुला ना, बागेची ओढ नाही, बोलणी खायची सवय लागलीय. इथं कुणी बोलत नाही म्हणून चैन पडेना."

"तू आहेस की बोलायला," नेवेना म्हणाली.

दोन आठवडे तिनं कसेबसे काढले. पाऊस थेंबभर नाही. डॉक्टरांचे कागद घरी राहिले होते, ते आणायला जायलाच हवं होतं. बसमधून उतरून ब्लॉककडं चालताना तिनं मनाची तयारी केली. माती भेगाळलेली असेल, मिरच्यांच्या काड्या झाल्या असतील, गुलाब गेले असतील. गॅरेजांच्या कोपऱ्यावर क्षणभर उभी राहिली, श्वास घेतला आणि वळली.

आणि घोट्यापर्यंत चिखलात गेली.

बागेत तळं झालं होतं, तळं! टोमॅटो फुगून उभे चिरले होते. मिरच्यांची पानं पिवळी पडली होती, पण ती तहानेनं नव्हे, मुळं कुजल्यानं. वेलाच्या पानांवर पांढरी बुरशी. बाकाखाली डास घोंघावत होते. मातीला कुबट वास. एका टायरात तर चक्क बेडूक बसलेला. इतक्या वर्षांत तिनं इथं बेडूक पाहिला नव्हता.

"कुणी घातलं एवढं पाणी?" ती ओरडली. आधी तिला वाटलं, कुणीतरी मुद्दाम बुडवतंय, खडी पसरायला.

मीमा दुकानातून डोकावली. "अगंबाई, मावशी आलीस? पाणी? मला नाही बाई माहीत. मी तर बागेकडं फिरकलेच नाही."

रादी टॅक्सी पुसत होता. "मी? मला वेळ कुठाय मावशी, झोपायला वेळ नाही."

एलिसावेताबाई बाल्कनीतून म्हणाल्या, "दव पडत असेल हो, नेवेनाबाई."

जुलैत दव! तेही गणिताच्या बाई म्हणतात!

तेवढ्यात कामेन तळघरातून वर आला, डोक्याला कोळिष्टकं, हातात पाना. सामाईक पाण्याचा मीटर भिंगरीसारखा फिरतोय म्हणाला. कुठंतरी नळ फुटलाय, पण सापडत नाही. दोन शनिवार त्यातच गेले. "आणि मावशी, तुझ्या बागेत जे पाणी दिसतंय ना, ते त्या फुटलेल्या नळाचंच. जमिनीतून वर येतंय."

कारखान्यात पट्ट्यावरून मिरच्या जाताना किडकी कुठली हे नेवेनाला न बघता कळायचं. इथं तर काहीतरी शिजत होतं. दुसऱ्या दिवशी तिनं पडदा ओढला, खुर्ची खिडकीशी घेतली, गुडघा उशीवर ठेवला आणि बघत बसली.

पहाटे टॅक्सीवर निघताना रादी आला. इकडंतिकडं बघितलं, तळघरात घुसला, पाइप वर आणला आणि अर्धा तास उभं राहून वाफे भरले. सिगारेट ओढत, मिरच्यांशी काहीतरी पुटपुटत. मग पाइप गुंडाळून गेला.

दुपारी, सगळ्या खिडक्यांच्या झडपा बंद असताना, एलिसावेताबाई आल्या. डोक्याला हॅट. ज्या वेलाच्या माश्यांवरून त्या दर उन्हाळ्यात भांडायच्या, त्याच वेलाच्या मुळाशी त्यांनी पाइप ठेवला आणि बाकावर बसून डुलकी काढली. पाणी तासभर वाहत होतं.

संध्याकाळी तुर्की मालिका लागते, तेव्हा आमच्याकडं रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. त्या वेळी मीमा आली. तिनं तर नळ पूर्ण सोडला.

आणखी दोन दिवस ती बघत राहिली, तिघंही रोज यायची. तिघंही एकेकटी. प्रत्येकाला वाटत होतं, बाग आपण एकट्यानं जगवली. जमीन ओली दिसली की कालचंच आपलं पाणी म्हणायची, आणि वरून आणखी ओतायची.

पडद्याआड नेवेनाला हसू आलं. म्हणजे होतं की यांच्या मनात! मग सभेत काय दातखीळ बसली होती?

पुढच्या पहाटे ती काठी टेकत खाली उतरली आणि रादीला पाइपसकट पकडलं.

रादी दचकला. "मावशी, हळू बोल! कुणाला सांगू नकोस, तुझ्या पाया पडतो."

"अरे, चांगलं काम करतोस, लपतोस कशाला? सभेत हात का नाही वर केलास?"

"हात वर केला असता तर संपलंच ना! तुझं काय झालं बघितलंय मी. लहान होतो, खिडकीतून बघायचो. एकदा पाइप हातात दिसला की माणूस कामातून गेला. मग माझ्या माश्या, माझी मांजरं, माझे डास. सुट्टीवर जायचं तरी दहा जणांना सांगून जायचं." त्यानं सिगारेट विझवली. "पाणी घालायला मला आवडतं गं. डोकं शांत होतं पहाटे. पण बाग गळ्यात नको. कुणी बघितलं तर त्याच दिवशी सोडून देईन, आधीच सांगतो."

खोटं नव्हता तो बोलत. आणि नेवेनाच्या ध्यानात आलं की बाकी दोघींनाही विचारलं तर हेच सांगतील. तिघांना एकत्र बसवलं तर तिघंही हात झटकून मोकळी होतील, आणि खडी येईल.

"बरं," ती म्हणाली, "नाही सांगत. पण तू फार पाणी घालतोस. हे बघ, टोमॅटो फुटले. ही चिकणमाती आहे. फक्त सोमवारी आणि गुरुवारी घाल, एका वाफ्याला मोजून थोडं. बाकीचे दिवस फिरकू नकोस."

"एवढ्या उन्हात दोनच दिवस? पुरेल?"

"मला शिकवतोस?"

"नाही मावशी."

त्याच दुपारी तिनं बाकावर एलिसावेताबाईंना गाठलं. बाई लाजल्या, लहान मुलीसारख्या. त्यांना मंगळवार आणि शुक्रवार दिला. "आणि बाई, कुणाला कळता कामा नये हं. आपल्या दोघींतच." बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. मीमाला बुधवार आणि शनिवार. मीमानं शपथ घेतली, आईची आणि दुकानाची. प्रत्येकानं विचारलं, बाकीचे दिवस? प्रत्येकाला नेवेनानं सांगितलं, बाकीचे दिवस माती पाणी मुरवते, तिला त्रास द्यायचा नसतो. रविवार तिनं कुणालाच दिला नाही.

खोटं बोलायची तिला सवय नव्हती. तीन माणसांशी तीन वेळा कुजबुजून ती इतकी दमली की पाइप ओढून कधी दमली नसेल. आठवडाभर पुन्हा पडद्याआड बसली. जो तो आपापल्या दिवशी आला, घालायचं तेवढं घातलं आणि गेला. बेडूक निघून गेला. कामेनचा मीटर आपोआप ताळ्यावर आला, आणि नळ मीच दुरुस्त केला म्हणून कामेन सगळ्यांना सांगत सुटला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात नेवेना इस्पितळात भरती झाली.

गुडघा चांगला बसला. तिथून ती स्तानाकडं गेली, दही खाल्लं, बोलणी खाल्ली, आधी वॉकर धरून आणि मग काठी धरून चालायला शिकली. सप्टेंबर निम्मा सरल्यावर परत आली तो हिवाळ्याच्या बेगमीसाठी मिरच्या भाजायचा दिवस होता.

वर्षातला हा एक दिवस सगळा ब्लॉक खाली असतो. गॅरेजांपुढं भाजायची यंत्रं लावलेली, पिंपात बरण्या उकळत असलेल्या, आणि भाजल्या मिरच्यांचा वास पार रेल्वेपर्यंत. तिला पाहून आरडाओरडा झाला. कुणी खुर्ची आणली, कुणी उशी. मीमानं गालाचे पापे घेतले. नेवेनानं बागेकडं पाहिलं. काय देखणी दिसत होती बाग! चिरलेले टोमॅटो कुणीतरी काढून टाकले होते, मागून आलेले लालबुंद लगडले होते. मांडवावर काळी द्राक्षं, गुलाबांना दुसरा बहर. मिरच्या थोड्या गेल्या होत्या, पण उरलेल्या उभ्या होत्या. तिचं मन भरून आलं. वाटलं, चला, जमलं. आता खरंच बसता येईल.

कामेन रकियाची बाटली घेऊन आला. सगळ्यांच्या देखत तिच्यापुढं उभा राहिला.

"मावशी, मी चुकलो. चारचौघांत कबूल करतो. म्हणालो होतो ना, सुकेल? नाही सुकली! खडीबिडी सगळं मागं घेतो. आणि गंमत बघ, कुणी हात लावला नाही. मी येता-जाता बघतो ना, एक माणूस फिरकला नाही तिकडं. आपली आपण वाढली. ही जमीनच तशी आहे."

"हो का," नेवेना म्हणाली.

"हो गं! आणि मला इतकं वाईट वाटलं तुझ्यासाठी." कामेनचा आवाज खरोखर मऊ झाला होता. त्याला खरंच वाईट वाटत होतं, तेच तर जास्त लागलं. "एवढी वर्षं उन्हातान्हात पाइप ओढलास. गुडघे घालवलेस. सगळं उगाच गं. तू नसतीस तरी बाग अशीच राहिली असती."

नेवेनानं मान वळवली. रादी भाजायच्या यंत्रात वाकून बघत होता, जणू आत काही हरवलंय. एलिसावेताबाई चष्मा पुसत होत्या. मीमा सोललेलीच मिरची पुन्हा सोलत होती. तिघांनाही ठाऊक होतं की हे खोटं आहे. तिघांपैकी एकानं नुसतं "अरे, काय बोलतोस!" म्हटलं असतं तरी पुरलं असतं. रादीनं तर एकदा मान वर केली, तोंड उघडलं, आणि पुन्हा मिटलं. बोलला असता तर पाइप त्याच्या गळ्यात पडला असता. गप्प राहायला तिघांना तिनंच सांगितलं होतं.

तिच्या ओठांवर आलं होतं. काठी आपटून सांगावं, अरे गाढवा, तुझ्या नाकासमोर तीन माणसं राबतायत, आणि त्याआधी मी राबले, एकटी, तुझी पोरं पाळण्यात होती तेव्हापासून. सगळं आयुष्य पुसून टाकतोस की रे माझं, तेही कणव करून! सांगितलं असतं तर तिचा मान तिला परत मिळाला असता. त्या संध्याकाळपुरता. आणि सोमवारी पहाटे बागेत कुणी आलं नसतं, मंगळवारी दुपारीही नसतं, आणि बुधवारी नवा गुडघा घेऊन ती पुन्हा तळघराच्या पायऱ्या उतरली असती.

सगळे तिच्याकडं बघत होते.

"खरंय रे कामेन," ती म्हणाली. "उगाचच ओढला."

कामेनला बरं वाटलं. त्यानं सगळ्यांचे पेले भरले, तिच्याही हातात एक दिला, आणि मोठ्यानं म्हणाला, "तर मग आपल्या बागेच्या नावानं! बिचारी कुणाकडं काही मागत नाही."

रादीनं पेला उचलला, बाईंनी उचलला, मीमानं उचलला. नेवेनानंही उचलला. हात मोकळेच होते आता.